मोराचा हौदा

पत्र्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि मी एका गाडीवर भाळले. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा तो फार गंभीर मामला होता.

कासारवाडीचं रेल्वे फाटक पडलेलं होतं. मी आणि माझी नणंद डोक्यावर मेथीच्या पाट्या घेऊन आगगाडी जायची वाट बघत उभ्या होतो. तेवढ्यात शेजारी पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या कुणा साहेबाची पिकअप येऊन थांबली. तशी गाडी आम्ही कधी पाहिली नव्हती. मागचा हौदा असा गुळगुळीत, की बाजूला खिळा म्हणून दिसेना. चाकंसुद्धा पोटात घेतलेली. निळ्या पत्र्यात माझं नाक, नाकातली चमकी आणि डोक्यावरची मेथी एवढं स्वच्छ दिसलं. नाक जरा फेंदारलेलं दिसत होतं, पण तो पत्र्याचा दोष, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं आणि अक्कल अजून माहेराहून यायची होती.

नेमकं त्याच हिवाळ्यात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लष्करानं मोडीत काढलेली एक गाडी लिलावात घेतली होती. पुढं इंजिन आणि बसायची जागा, मागं मात्र नुसता सांगाडा. तोवर आमचा भाजीपाला बैलगाडीनं पुण्याच्या मंडईत जायचा. आता तो मोटारीनं जाणार होता. आमच्या ह्यांनी लष्करातल्या एका ड्रायव्हरच्या पाठी लागून गाडी चालवायचं शिकून घेतलं होतं. सांगाड्यावर हौदा तेवढा बांधून घ्यायचा राहिला होता.

आणि त्याच हौद्यातून माघात वन्संचं वऱ्हाड जाणार होतं. वन्सं म्हणजे माझी नणंद. तिची एक सोयरीक आधी मोडली होती. सुपारी फुटल्यावर त्या लोकांनी काहीतरी खुसपट काढलं आणि पाठ फिरवली. पोरीचा दोष काही नव्हता, पण लोकांना तेवढं पुरतं. दोन वर्षं कुणी उंबरा चढलं नाही. आता चाकणच्या पलीकडचं एक कांदा पिकवणारं घर तयार झालं होतं. मुलगा चांगला होता, पण त्याचा चुलता फार कडक. लग्न त्यांच्याच दारात, गोरज मुहूर्तावर. बोलणी संपवून उठताना तो चुलता टोपी झटकत म्हणाला होता, "हे बघा, मुहूर्ताला नवरी मांडवात न्हाई दिसली, तर आमी मांडव सोडून घरात जाऊ. मग पुन्यांदा हाक मारायची न्हाई."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या दिवसापासून आत्याबाई झोपेतसुद्धा "गोरज, गोरज" असं पुटपुटायच्या.

हौदा बांधायला खडकीहून मिस्त्री आले. दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं मधासारखं. त्यांनी अंगणात काडीनं तीन हौदे काढले. पहिला नुसता सपाट फळ्यांचा, तिन्ही बाजूंचे फाळके खाली पाडता येतील असा. दुसरा अरुंद पेटीसारखा, चाकं बाहेर, चाकांवर वेगळी मडगार्डं आणि चढायला पायरी. तिसरा साहेबाच्या गाडीसारखा रुंद, गुळगुळीत पत्र्याचा, चाकं आत घेतलेला.

मामंजी उकिडवे बसले आणि पाट्यांच्या हिशोबात विचार करू लागले. "पहिल्यात कुठनं बी माल चढंल, कुठनं बी उतरंल. पाटी सरळ बसंल."

"बसेल की," मिस्त्री म्हणाले. "पण पाटील, नुसतं पाटासारखं दिसेल. गाडीला काही रूप?"

"रूपाला काय मंडईत न्यायचंय?"

आमच्या ह्यांचा जीव पायरीवाल्यात अडकला होता. पायरीवर एक पाय ठेवून, कोपर टेकून विडी ओढताना आपण कसे दिसू, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसत होतं. मी एकटीच काही आरशाची भुकेली नव्हते.

मी दाराआड उभी. मामंजींसमोर सुनेनं तोंड उघडायची पद्धत नव्हती. घरात माझं म्हणणं जायचं ते असं: मी वन्संच्या कानात सांगायचे आणि वन्सं ते मोठ्यानं म्हणायच्या. मीठ संपलं तरी तसंच आणि ताप आला तरी तसंच. त्यामुळं वन्संचा आवाज मला स्वतःचाच वाटायला लागला होता.

"तिसराच करा म्हणावं," मी कुजबुजले.

"तिसराच करा!" वन्सं दारातून ओरडल्या.

मामंजींनी वर बघितलं. "का गं?"

"चिखल उडत न्हाई," मी कुजबुजले. "वऱ्हाडाच्या लुगड्यांना चाकाचा चिखल लागत न्हाई."

"माघात कुठला आलाय चिखल?"

वन्संनी स्वतःच्या पदरचं घातलं. "आबा, त्या लोकांच्या दारात आपली गाडी उभी राहील. ती फळ्यांची खाट बघून काय म्हनतील?"

बस्स. मामंजींचा चेहरा उतरला. मोडलेल्या सोयरिकीचं नाव कुणी काढलं नव्हतं, पण ते अंगणात येऊन बसलं होतं. त्यांनी हातातल्या काडीनं आपला सपाट हौदा पुसून टाकला. मिस्त्रींचे डोळे चमकले. पत्र्याचं काम त्यांनाही करायचंच होतं.

"फक्त एक आहे," मिस्त्री म्हणाले. "चाकं आत घेतली की हौद्यात चाकांवर दोन उंचवटे येणार. दोन्हीकडं एकेक. गाडी भरली की स्प्रिंगा दबतात, चाक वर येतं, म्हणून उंचवटा जरा उंच ठेवावा लागतो."

"किती उंच?" हे म्हणाले.

मिस्त्रींनी गुडघ्याला हात लावून दाखवला.

मला ते दोन गुडघे हौद्यातून वर आलेले दिसले आणि साहेबाच्या गाडीचं रूप पार गेलं. मी वन्संच्या कानाशी लागले. वन्सं म्हणाल्या, "मिस्त्री, जरा बुटके करा की. पाटाएवढे."

"पाटाएवढे?" मिस्त्रींनी दाढी खाजवली. "तुमचा माल कसला?"

"भाजी," मामंजी म्हणाले.

"मेथी-कोथिंबिरीला चालेल." आणि त्यांनी काडी टाकून दिली. आमचा तो सगळा शहाणपणा त्या एका काडीत संपला.

हौदा झाला. हिरवा रंग, बाजूला मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं काढलेला पिसारा फुलवलेला मोर. मोराची मान जरा जाड होती, कोंबड्याच्या वळणावर गेलेली, पण आमच्या आळीत तसा मोर कुणाकडं नव्हता. मी पाणी आणायला जाताना मुद्दाम गाडीच्या बाजूनं जायचे आणि पत्र्यात डोकवायचे. तिथं मी हिरवी दिसायचे. तरी जायचे.

सगळा पौष गाडी मंडईला जाऊन येत होती. मेथी, कोथिंबीर, चाकवत. फुलासारखा हलका माल. काही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

वऱ्हाडाचा दिवस उजाडला. मोराच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. हौद्यात घोंगड्या अंथरल्या. बायका चढल्या, तांदळाची पोती चढली, रुखवताचे डबे चढले, हळदीनं पिवळी झालेली वन्सं मुंडावळ्या बांधून मधोमध बसली. नवरीनं बोलायचं नसतं, म्हणून ती मान खाली घालून गप्प होती. मी तिला चिकटून. आणि मग पुरुष मंडळी चढली आणि त्यांना ते दोन उंचवटे दिसले.

मी एवढा विचार केला होता, पण हा केला नव्हता. सगळं वऱ्हाड खाली घोंगड्यांवर आणि हौद्यात दोनच उंच जागा, नेमक्या पाटाएवढ्या. लग्नाचं घर, मानपानाचे दिवस. रिकामा पाट दिसल्यावर कुठला मानकरी खाली बसेल?

वन्संचे मामा, म्हणजे आत्याबाईंचे भाऊ, सरळ उजव्या उंचवट्यावर जाऊन बसले. पिळदार मिशा, गुलाबी फेटा, वजन दोन माणसांचं. त्याबरोबर भावकीतले थोरले, मामंजींचे चुलतभाऊ, उभेच राहिले.

"पाव्हणं, तिकडं डावीकडं सरका," थोरले म्हणाले.

"का बरं?"

"उजवी बाजू भावकीची."

"नवरीला बोहल्यावर कोन आनतो? मामा का भावकी?"

"बोहल्यावर आना की. गाडी आमची हाय."

आत्याबाई मधे पडल्या. "अवो, ती चाकाची जागा हाय, मानाची न्हवं."

दोघांनीही त्यांच्याकडं असं बघितलं, की त्या बिचाऱ्या पदर तोंडाला लावून गप्प बसल्या. सूर्य माथ्यावर आला होता. हे पुढच्या बैठकीवर बसून पुनःपुन्हा भोंगा वाजवत होते. मामंजी बाहेर उभे, एकदा सूर्याकडं, एकदा मेव्हण्याकडं बघत. शेवटी थोरले डाव्या उंचवट्यावर बसले, पण मांडी न घालता, अर्धेच टेकून. म्हणजे आपण बसलेलो नाही, असं सगळ्यांना कळावं.

नाशिकफाट्यापर्यंत ठीक होतं. भोसरी ओलांडली आणि मला खालून घासल्याचा आवाज यायला लागला. जात्यात खडा गेल्यावर येतो तसा. एकेका खड्ड्याला तो आवाज मोठा व्हायचा. वन्संनी माझा हात धरला होता. एकेका आवाजाला ती तो दाबायची. तिलाही ऐकू येत होतं, हे त्या हातावरून कळलं.

मोशीला इंद्रायणीवर गाडी थांबवली. नवरीला नदी ओलांडायची तर पाण्यात नारळ सोडायचा, ही आमची रीत. मामंजी नारळ घेऊन पाण्याशी गेले, आणि वारा पडल्यावर तो वास आला. जळक्या रबराचा.

हे खाली उतरून चाकाशी वाकले आणि वर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "चाक वरच्या पत्र्याला घासतंय. टायर गरम झालाय. आता चढ लागंल, टायर फुटला तर इथंच बसावं लागंल." दुसरं चाक जवळ नव्हतं. असतं तरी ते बदलून होईतो गोरज निघून गेली असती.

"मानसं उतरवा," मामंजी म्हणाले. "मामा, जरा उतरा. तुमी चाकाच्या डोक्यावरच बसलायसा."

मामा जागचे हलले नाहीत. "आमी उतरलो की हे हितं बसनार."

"आमी कशाला बसू?" थोरले म्हणाले आणि सरळ मांडी घालून नीट बसले. "पन आधी त्यांना उतरू द्या."

मी मामांच्या तोंडाकडं बघत होते. कपाळावर घामाचे थेंब, मिशीची टोकं थरथरत होती. खालून पत्रा तापला होता, तव्यासारखा, आणि मामा त्यावर बसले होते. दोघांच्याही चाकांचा पत्रा तापला असणार, पण मामा वजनानं दुप्पट. चेहऱ्यावर मात्र मान असा घट्ट धरलेला, की हूं नाही की चूं नाही. मला एका क्षणी हसू फुटणार होतं आणि त्याच क्षणी रडूही येत होतं. सूर्य पश्चिमेला कलला होता. तिकडं तो चुलता मांडवाच्या दारात टोपी झटकत उभा असणार.

आणि वन्सं माझ्या कानाशी आल्या.

आजवर कधी असं झालं नव्हतं. तिचे ओठ सुकले होते. तिनं मला सांगितलं, आणि सांगून मान पुन्हा खाली घातली. ती बोलू शकत नव्हती, नवरी होती ना. आता तोंड माझं होतं.

मला वाटलं, खाली जमीन फाटावी. समोर मामंजी, मामा, थोरले, सगळं वऱ्हाड. मी पदर नाकापर्यंत ओढला. मग वन्संनी माझ्या दंडाला असा चिमटा घेतला, की त्याची खूण लग्नाची हळद उतरली तरी होती.

"वन्सं म्हनत्यात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, चिरकलेला, कोंबडीसारखा. "वन्सं म्हनत्यात, आधी बायकांनी जायचं. पुरुषांनी हितं नदीवर थांबायचं. गाडी आमाला सोडून माघारी येईल."

मामांनी थोरल्यांकडं बघितलं, थोरल्यांनी मामांकडं.

"बायकाच?" थोरले म्हणाले. "नवरी नुसत्या बायकांसंगं दारात? बापाबिगर? ती मानसं काय म्हनतील?"

मी पुन्हा वन्संकडं वाकले, आणि ऐकलं. "वन्सं म्हनत्यात, बापाबिगर नवरी दिसली तर मानसं बोलतील. नवरीबिगर मुहूर्त गेला तर मानसं उठतील."

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, सरळ. मी मान खाली घातली. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून जमिनीवर पसरलं आणि त्यावर बसले. मुलीचा बाप धुळीत बसल्यावर मामा काय करणार? ते उठले. उठताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुणालाही काढून दाखवू शकते, नातवंडं रोज मागतात. थोरलेही उठले. त्यानंतर उंचवट्याकडं कुणी फिरकलं नाही.

पोतीही उतरवली. आम्ही बायका हौद्याच्या पुढच्या टोकाला, चालकाच्या पाठीशी कोंबड्यांसारख्या दाटीवाटीनं बसलो, म्हणजे वजन चाकांवर येऊ नये. चढावर ह्यांनी गाडी इतकी हळू घेतली, की शेजारून एक मेंढपाळ आमच्या पुढं निघून गेला. आवाज बारीक झाला होता, पण थांबला नव्हता. आत्याबाई डोळे मिटून माळ नसताना माळ ओढत होत्या. मी चाकाचं ऐकत होते. चाकणचं गाव मागं टाकलं तेव्हा ऊन तांबडं झालं होतं आणि रानातून गुरं परतत होती. त्यांच्या पायांची धूळ रस्त्यावर उडायला लागली होती. गोरज म्हणजे तीच धूळ.

मांडवाच्या दारात तो चुलता होताच. गाडी थांबली. त्यानं हौद्यात डोकावलं. एकेका बाईकडं बघत नजर पुढं नेली आणि पुन्हा मागं आणली.

"पुरुष मंडळी?"

पुन्हा माझ्याकडंच सगळ्या बघायला लागल्या. आता चिमट्याची गरज पडली नाही. "नदीवर हायती. गाडीला भार झाला. मुहूर्त चुकू नये म्हनून नवरी आधी आनली."

त्यानं गाडीभोवती चक्कर मारली. मोरावर हात ठेवला, गुळगुळीत पत्र्यावरून फिरवला. मग मागं येऊन त्यानं आत वाकून ते उंचवटे बघितले आणि त्यावर बोट टेकलं. चटका बसला, बोट झटकलं.

"देखनी हाय," तो म्हणाला. "पर ह्यात कांदा भरला असता तर पहिल्याच खेपेला मेली असती. कोन शहान्यानं चाकं आत घेतली?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. ह्यांनी बघितलं नाही. मुंडावळ्यांच्या आडून वन्सं मात्र हसली. मला दिसलं.

"चला," तो चुलता पोरांवर ओरडला, "बैलगाड्या जुंपा. पाव्हणं नदीवर बसलेत, आनायला नकोत व्हय? भटजी, तवर मंगळाष्टकं लांबवा."

आमचे हेही रिकामी गाडी घेऊन उलटे पळाले; नदीवरची मंडळी मुहूर्ताच्या धास्तीनं आमच्या मागोमाग चालत निघाली होती, ती वेशीबाहेरच भेटली. अंतरपाट धरायच्या वेळेला मामंजी धुळीनं पांढरे होऊन आले आणि त्यांच्या मागं मामा, चालताना पाय जरा फाकवत. मागच्या बैलगाड्या येईतो मंगळाष्टकं भटजींनी खरोखरच इतकी ताणली, की शेवटच्याला त्यांचा घसा बसला. गुरांची धूळ अजून हवेत होती तेवढ्यात अक्षता पडल्या. मी बसकणच मारली.

पंगतीला मामांसाठी पाट मांडला, रांगोळी घातली, उदबत्ती लावली. मामा बसेनात. त्या चुलत्यानं हात धरून आग्रह केला. मामा म्हणाले, "नको नको, आमी नवरीकडचं. आमी वाढू." आणि लाडवाचं ताट घेऊन सगळ्या पंगतीत ते उभ्यानं फिरले. त्या गावात पुढं कितीतरी वर्षं सांगत, की नवरीचा मामा असावा तर असा, काडीचा गर्व नाही. त्यांना कुणी खरं सांगितलं नाही. थोरल्यांनीसुद्धा नाही. त्यांनाही त्या रात्री कुशीवरच झोपावं लागलं होतं.

परत आल्यावर मामंजी गाडीशी उभे होते. मी पाण्याची घागर घेऊन चालले होते, या वेळी पत्र्यात न बघता.

"सूनबाई."

मी थांबले. मधे सांगायला आता वन्सं नव्हती. घर तिच्यावाचून रिकामं झालं होतं आणि माझी कुजबूज ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

"आता त्वांड उघडलंच हायेस, तर सांग. मिस्त्रीला काय सांगू?"

"फळ्यांचा करा," मी म्हणाले. "सपाट. तिन्ही फाळके पडनारा."

"आन रूप?"

मी घागर सावरली. "मोर तेवढा ठेवा."

फळ्यांवर मोर कसा बसणार? मिस्त्रींनी पत्रा अलगद कापून काढला आणि मामंजींनी तो आमच्या न्हाणीच्या आडोशाला ठोकला. वन्सं पहिल्या माहेरपणाला आली, अंघोळीला गेली आणि आतूनच ओरडली, "वहिनी, अगं हा मेला बघतोय की!"

मी बाहेरून दाराला कान लावून उभी होते. तिचा आवाज ऐकायला मिळाला, तेवढ्यानंच मला भरून आलं.